एकशिक्षकी शाळा : भारतीय कथनसाहित्यातील ग्रामशिक्षक आणि त्याच्या आधाराचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

‘एकशिक्षकी शाळा’ हा शब्दप्रयोग शिक्षणखात्याच्या कागदपत्रांत इतका रुळलेला आहे की त्यात काही विसंगती आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. एक शिक्षक, पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतचे वर्ग, एक किंवा दोन खोल्या आणि सर्व विषय, अशी ही शाळा असते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ पासून राबविल्या गेलेल्या ‘खडू-फळा मोहिमे’ने प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक असावेत, असे उद्दिष्ट ठेवले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने तर साठपर्यंत पटसंख्या असलेल्या प्राथमिक शाळेसाठी दोन शिक्षकांची तरतूद परिशिष्टात नमूद केली. तरीही २०२४-२५ या वर्षाच्या केंद्र सरकारच्या शालेय आकडेवारीनुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या आणि त्यांत सुमारे ३३ लाख मुले शिकत होती. त्याच वर्षी देशातील शालेय शिक्षकांची एकूण संख्या एक कोटीच्या पुढे गेली होती. तेव्हा हा प्रश्न केवळ संख्येचा नसून शिक्षक कोठे आणि कसे नेमले जातात, याचाही आहे.

शिक्षणशास्त्राने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे का वळावे, असा आक्षेप येणे शक्य आहे. त्याचे उत्तर असे की, विसाव्या शतकातील भारतीय कथनसाहित्यात ग्रामशिक्षक ही वारंवार भेटणारी व्यक्तिरेखा आहे. मराठी, बंगाली, हिंदी आणि मल्याळम् या भाषांतील काही महत्त्वाच्या संहितांत ती केंद्रस्थानी किंवा केंद्राच्या निकट आहे. समाजाच्या मनात खेड्यातील मास्तराची जी प्रतिमा घडली, ती घडविण्यात या संहितांचा वाटा मोठा आहे. शासनाची धोरणे आखणारे, शाळांची तपासणी करणारे आणि स्वतः शिक्षक होणारे लोकही हेच साहित्य वाचून वाढलेले असतात.

या संहिता एकत्र वाचल्या असता एक समान सूत्र हाती लागते. त्यांतील शिक्षक बहुधा एकटा आहे. तो भुकेला असो, हास्यास्पद असो वा ध्येयवादी असो, त्याच्या कामाविषयी ज्याच्याशी बोलता येईल असा दुसरा माणूस त्याच्या भोवती क्वचितच दिसतो. साहित्याने हा एकटेपणा कधी शोकात्म मानला, कधी विनोदाचा विषय केला, तर कधी त्याला अस्तित्वविषयक चिंतनाची खोली दिली. परंतु हा एकटेपणा शिक्षकाच्या स्वभावातून किंवा नियतीतून आलेला नसून तो नेमणुकीच्या आदेशातून आलेला असतो, ही साधी गोष्ट त्यामुळे झाकली गेली. प्रस्तुत लेखात या प्रतिमेची वेतन, आगमन, भाषा, कागद आणि लिंगभाव या अंगांनी तपासणी केली असून तिच्या आधारे ग्रामीण शिक्षकाला कोणत्या आधाराची गरज आहे, याचा विचार केला आहे.

२. वेतन, भूक आणि दुसरा धंदा

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’मधील (१९२९) प्रसन्न गुरुमहाशय हा किराणा दुकान चालविता चालविता पाठशाळा चालवितो. गिऱ्हाईक आले की मीठ-तेल मोजून द्यायचे आणि लगेच मुलांना शुद्धलेखन सांगायचे, असा त्याचा दिनक्रम आहे. कथनाचा सूर येथे खेळकर आहे. बालक अपूच्या नजरेला दुकान आणि शाळा यांत काही विरोध जाणवत नाही. गुरूचे पोट शाळेवर भरत नाही, ही गोष्ट त्या जगात गृहीतच धरलेली आहे.

सुमारे चार दशकांनी आलेल्या श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’त (१९६८) मास्तर मोतीराम भेटतो. शिवपालगंज येथील छंगामल विद्यालय इंटर कॉलेजात तो सापेक्ष घनतेचा पाठ देतो आणि त्यासाठी उदाहरण घेतो ते स्वतःच्या पिठाच्या गिरणीचे. त्याचा देह वर्गात आणि लक्ष गिरणीच्या इंजिनाकडे असते. दोन्ही प्रसंगांची रचना जवळपास एकच आहे. शिक्षक, जोडधंदा आणि त्या दोहोंच्या ओढाताणीत सापडलेला पाठ, हे तीन घटक समान आहेत. मात्र पहिल्या प्रसंगाला वाचक कौतुकाने हसतो, तर दुसऱ्याला उपहासाने. या फरकाचे कारण व्यक्तिरेखेपेक्षा शाळेच्या बदललेल्या अधिष्ठानात शोधावे लागते. प्रसन्नची पाठशाळा गावाच्या आश्रयाने चालते, तर मोतीरामची संस्था सरकारी अनुदानावर. सार्वजनिक पैसा आल्यावर शिक्षकाचा जोडधंदा हा त्याच्या नैतिक अधःपाताचा पुरावा ठरतो. तो जोडधंदा ज्या आर्थिक कारणाने सुरू झाला असेल, ते कारण मात्र उपहासाच्या कक्षेबाहेर राहते.

ते कारण मध्यभागी आणणाऱ्या तीन संहिता येथे एकत्र पाहण्यासारख्या आहेत. सैयद मुज्तबा अली यांच्या ‘पादटीका’ या बंगाली कथेतील वृद्ध पंडित वर्गाला एक त्रैराशिक घालतो. लाटसाहेबाच्या तीन पायांच्या कुत्र्यावर महिन्याला ७५ रुपये खर्च होतो. पंडिताला आठ माणसांच्या कुटुंबासाठी २५ रुपये मिळतात. तर हे ब्राह्मण कुटुंब त्या कुत्र्याच्या किती पायांच्या बरोबरीचे, असा तो हिशेब आहे. उत्तर सोपे असूनही वर्गात कोणी बोलत नाही. अपमानाचे हे अंकगणित शिक्षकाने स्वतःच अध्यापनाचे साधन वापरून मांडावे, यातच कथेची धार आहे. मल्याळम् कथाकार कारूर नीलकंठ पिळ्ळै हे स्वतः शाळाशिक्षक होते. त्यांच्या ‘पोतिच्चोर’ या कथेत विद्यार्थ्याने आणलेली भाताची शिदोरी नाहीशी होते आणि ती खाणारा भुकेला शिक्षकच निघतो. नागार्जुनांच्या ‘प्रेत का बयान’ या हिंदी कवितेत पूर्णिया जिल्ह्यातील एका प्राथमिक शिक्षकाचे प्रेत यमासमोर जबानी देते. त्याचा पगार तीस रुपये आणि तोही नऊ महिने थकलेला; तरीही आपण भुकेने मेलो नाही, असे ते आग्रहाने सांगते. येथे कवीने सरकारी चौकशीचा साचा वापरला आहे. भूकबळी कागदावर कसे नाकारले जातात, हे त्या प्रेताच्या तोंडून वदविले आहे.

तीन भाषा, तीन प्रकार. तरीही शिक्षकाची भूक तिन्ही ठिकाणी उघड बोलली जात नाही. ती गणितातून, चोरीतून किंवा नकारातून व्यक्त होते. प्रतिष्ठित पेशातील दारिद्र्याला स्वतःची भाषा नसते, हे या तिन्ही लेखकांनी आपापल्या परीने ओळखले होते.

नियमित शिक्षकाच्या वेतनाचा प्रश्न पुढील काळात वेतन आयोगांमुळे पुष्कळसा सुटला, हे मान्य केले पाहिजे. पण तो सुटत असतानाच शिक्षकांचा एक नवा, कमी खर्चाचा वर्ग निर्माण झाला. राजस्थानात १९८७ पासून ‘शिक्षाकर्मी’, मध्य प्रदेशात १९९७ च्या शिक्षण हमी योजनेतील ‘गुरुजी’ आणि महाराष्ट्रात २००० पासून ‘शिक्षणसेवक’ अशी त्याची नावे आहेत. महाराष्ट्रात नव्याने नेमलेल्या शिक्षकाला तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करावे लागते. प्राथमिक शिक्षणसेवकाला आरंभी दरमहा ३,००० रुपये मिळत. पुढे वाढ होत जाऊन २०२३ मध्ये ही रक्कम १६,००० रुपये झाली. नियमित शिक्षक आणि मानधनावरचा शिक्षक एकाच फळ्यासमोर उभे राहतात, तेव्हा ‘पादटीका’तील त्रैराशिक वेगळ्या आकड्यांनी पुन्हा मांडता येते. ‘सेवक’ आणि ‘कर्मी’ ही पदनामेही अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचावीत. ‘शिक्षक’ या शब्दातील अधिकार त्यांत राहिलेला नाही.

३. आगंतुक मास्तर : बनगरवाडी आणि खसाक

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि ओ. व्ही. विजयन यांची ‘खसाक्किंटे इतिहासम्’ (१९६९) या दोन कादंबऱ्यांची तुलना तौलनिक अभ्यासाला विशेष फलदायी ठरते. दोन्हींचा आरंभ एका तरुण शिक्षकाच्या पायपिटीने होतो. औंध संस्थानातील राजाराम विठ्ठल सौंदणीकर धनगरांच्या वाडीवर शाळा चालविण्यासाठी येतो, तर रवी हा पालक्काड परिसरातील खसाक या गावी जिल्हा बोर्डाची एकशिक्षकी शाळा उघडण्यासाठी येतो. दोघेही त्या जगाला परके आहेत.

राजारामापुढील पहिली अडचण पट भरण्याची आहे. मेंढरांमागे जाणारी मुले शाळेत बसली तर मेंढरे राखायची कोणी, हा धनगरांचा प्रश्न अज्ञानातून आलेला नसून तो त्यांच्या अर्थव्यवस्थेतून आलेला आहे. कारभाऱ्याचे मन वळल्याखेरीज शाळा भरत नाही. शाळा भरू लागल्यावर मास्तराच्या वाट्याला पत्रे लिहिणे, बाहेरगावची कामे करून आणणे, भांडणात मध्यस्थी करणे अशी नाना कामे येतात. तालमीची इमारत गावाने श्रमदानाने उभारावी, ही प्रेरणाही त्याचीच. वाडी त्याला आपला मानते; पण त्या आपलेपणाची किंमत अशी की, तो शिक्षक कमी आणि वाडीचा कारकून, वकील व सल्लागार अधिक होत जातो. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात आणि शाळेसाठी मुलेच उरत नाहीत. शिक्षक कितीही कर्तबगार असला तरी शाळेचे भवितव्य पावसाशी आणि पोटाशी बांधलेले असते, हे माडगूळकरांनी कोणतेही भाष्य न करता दाखविले.

रवीची स्थिती याहून भिन्न आहे. खसाकमध्ये मदरशाच्या रूपाने एक शिक्षणव्यवस्था आधीपासून आहे आणि अल्लापिच्चा मोल्लाक्का हा तिचा प्रमुख आहे. नवी शाळा आली की ती कोऱ्या पाटीवर येत नाही. गावातील जुन्या स्पर्धांत आणि वैरांत ती एक नवी बाजू म्हणून गणली जाते. शाळेला जागा देणाऱ्याचे हेतू वेगळे, विरोध करणाऱ्याचे वेगळे. दोहोंत मुलांच्या शिक्षणाचा विचार दुय्यम. राजाराम वाडीत मिसळून जाऊ पाहतो, तर उच्चशिक्षण अर्धवट सोडून आलेला रवी स्वतःच्या अपराधभावापासून पळत खसाकला पोहोचलेला आहे. शाळा त्याला आश्रयस्थान वाटते. माडगूळकरांच्या कादंबरीत शाळा हा वाडी समजून घेण्याचा मार्ग आहे. विजयन यांच्या कादंबरीत तो स्वतःपासून दूर जाण्याचा मार्ग आहे.

भिन्न प्रकृतीच्या या दोन कादंबऱ्यांत एक अभाव मात्र समान आहे. पहिली आणि चौथीची मुले एकाच खोलीत असताना कोणाला कोणते काम द्यावे, वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाचा अभ्यास कसा भरून काढावा, शिकण्यात मागे राहणाऱ्या मुलाशी कसे वागावे, या प्रश्नांवर नायकाने कोणाशी चर्चा केल्याचे चित्र उभे राहत नाही. वरिष्ठ येतो तो तपासणीसाठी. ‘सहकारी’ नावाचे पात्र या कथनविश्वात नाही. टीकाकारांनी या कादंबऱ्यांतील व्यक्ती आणि समूह यांच्या नात्याची पुष्कळ चर्चा केली आहे. शिक्षकाच्या व्यावसायिक एकटेपणाकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही.

४. भाषेचे अंतर

‘बनगरवाडी’चे निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि पात्रांचे संवाद माणदेशी बोलीत आहेत. ही शैलीची सोय म्हणून पाहिली जाते. पण तीत शाळेची भाषा आणि वाडीची भाषा यांतील अंतरही नोंदले गेले आहे. मास्तर निवेदक असल्यामुळे पानावरची सत्ता प्रमाण भाषेकडे राहते. विजयन यांच्या कादंबरीतही खसाकच्या लोकांचे बोलणे हा गद्याचा प्राण आहे. लेखकाने स्वतः केलेल्या ‘द लेजंड्स ऑफ खसाक’ (१९९४) या इंग्रजी रूपात त्या बोलीची छटा टिकविणे अवघड गेले, हे समजण्यासारखे आहे. अनुवादकाला जी अडचण एका ग्रंथापुरती येते, ती ग्रामीण शिक्षकाला रोज सकाळी येते.

बोली आणि प्रमाण भाषा यांतील अंतर निदान एकाच भाषेच्या अंतर्गत असते. मेळघाटातील कोरकू मुलासमोर मराठी शिक्षक उभा राहतो, तेव्हा दोन भाषाकुले समोरासमोर येतात. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलातील, मराठी इंडो-आर्य कुलातील. गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलाची भाषा द्राविडी कुलातील असते. पहिलीच्या पुस्तकातील शब्द मुलाला वाचता येत नाही की वाचता येऊनही त्याचा अर्थ लागत नाही, हे कळण्यासाठी शिक्षकाला मुलाची भाषा थोडी तरी अवगत असावी लागते. बहुसंख्य शिक्षकांच्या प्रशिक्षणात अशा भाषेच्या परिचयाला नाममात्र स्थान असते. नेमणूक होते ती रिक्त पद पाहून. भाषा पाहून होते असे क्वचितच घडते.

ओडिशाने या बाबतीत २००६-०७ च्या सुमारास एक पाऊल उचलले. सौरा, कुई, कुवी, कोया, जुआंग, संताली इत्यादी दहा आदिवासी भाषांतून आरंभीचे शिक्षण देणारा बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम तेथे सुरू झाला. या कार्यक्रमाचा गाभा पाठ्यपुस्तकापेक्षा त्या भाषा बोलणाऱ्या शिक्षकाच्या उपलब्धतेत आहे. जेथे असा शिक्षक मिळतो तेथे पुस्तकाला अर्थ येतो. अन्यथा मातृभाषेतील पुस्तकही कपाटात राहते. तौलनिक साहित्याच्या विभागांना या ठिकाणी करण्यासारखे काम आहे. मौखिक कथा, गाणी, कोडी यांची जी संकलने संशोधनासाठी तयार होतात, ती शिक्षकाच्या हाती पोहोचतील अशा रूपात आली, तर त्यांचा उपयोग परिसंवादांपलीकडे जाईल.

५. कागदाचे ओझे

ग्रामशिक्षकावरील शिक्षणबाह्य कामांचा इतिहास जुना आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणी मिसळू शकतील, आणि त्यांचे वेतन किमान १२ रुपये असावे, अशी मागणी केली होती. विद्याखात्यातील पंतोजींवर त्यांनी १८६९ मध्येच पोवाडा लिहिला होता. त्याच निवेदनात शिक्षकांकडे गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपालाचे काम यांसारखी कामे सोपवावीत, म्हणजे त्यांचा गावातील दर्जा वाढेल, अशीही सूचना होती. फुल्यांचा हेतू स्पष्ट आहे. गावातील लेखणीची सत्ता मूठभरांच्या हातून काढून बहुजनांच्या शिक्षकाकडे द्यावी, हे त्यामागचे राजकारण होते. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या ‘संदीपन पाठशाला’तील शेतकरी समाजातून आलेला सीताराम पाहिला की फुल्यांना अभिप्रेत असलेला शिक्षक बंगाली कादंबरीत अवतरल्यासारखा वाटतो. त्याला लाभणारा मान आणि सोसावा लागणारा उपमर्द, दोन्हींची मुळे त्याच्या जन्मात आहेत.

मात्र फुल्यांच्या सूचनेतील एकच अर्धा भाग पुढे फोफावला. शिक्षकाकडे कागद आले. कागदाबरोबर येणारी सत्ता आली नाही. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ (२००५) या कादंबरीने हे स्थित्यंतर अचूक पकडले आहे. बुलडाणा जिल्ह्याच्या पार्श्वभूमीवर साक्षरता अभियानाची ही कथा आहे. अभियान यशस्वी झाल्याचे दाखविणे ही वरून खालपर्यंत सर्वांची गरज असते आणि त्या साखळीच्या शेवटी शिक्षक असतो. प्रौढ निरक्षर वर्गाला येत नाहीत. परंतु त्यांची नोंद, हजेरी, परीक्षा आणि निकाल कागदावर तयार व्हावेच लागतात. कादंबरीची भाषा परिपत्रकांच्या भाषेशी खेळत राहते. ‘राग दरबारी’त शिक्षकाला खोटेपणाचा भागीदार म्हणून पाहिले होते, उत्रादकरांच्या कादंबरीत तो भागीदार आहे आणि बळीही आहे. उपहासाच्या परंपरेत झालेला हा बदल महत्त्वाचा मानावा लागेल.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शिक्षणेतर कामांना जुंपण्यास मनाई केली; मात्र दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांचा अपवाद ठेवला. त्यापूर्वी डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदारयाद्यांचे काम शिक्षकांना सुटीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशीच द्यावे, असा निर्णय दिला होता. प्रत्यक्षात कायद्याच्या अपवादांपेक्षा शाळेच्या आतील कामांचा भार अधिक आहे. पोषण आहारासाठी तांदूळ मोजणे, ताटांची संख्या रोज कळविणे, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, आधार क्रमांकांची जुळणी, संकेतस्थळावर माहिती भरणे ही सर्व कामे ‘शैक्षणिक’ या सदरातच मोडतात. चार शिक्षकांच्या शाळेत ती वाटून घेता येतात. एकशिक्षकी शाळेत त्यांतील प्रत्येक काम म्हणजे चार वर्गांचे अध्यापन थांबणे होय. शिक्षक बैठकीसाठी तालुक्याला गेला की त्या दिवशी शाळाच तालुक्याला गेलेली असते.

६. अनुपस्थित शिक्षिका

वर उल्लेखिलेल्या संहितांतील शिक्षक पुरुष आहेत. हा योगायोग मानता येत नाही. ‘खसाक्किंटे इतिहासम्’चे मूळ ज्या अनुभवात आहे तो या दृष्टीने बोलका आहे. १९५६ साली पालक्काडजवळच्या तसराक या गावी एकशिक्षकी शाळेत नेमणूक झाली होती ती विजयन यांच्या बहिणीची. त्या निमित्ताने विजयन यांचा त्या गावाशी संबंध आला आणि पुढे कादंबरी आकाराला आली. वास्तवात शाळा चालविणारी स्त्री होती. कथनात तिच्या जागी रवी आला. कलाकृतीला अशी मोकळीक असते आणि तिच्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु या रूपांतराचा एक परिणाम असा की, अनोळखी गावात एकटी राहणारी शिक्षिका, तिच्या निवासाची सोय, तिचा प्रवास, तिच्याविषयीची गावातील कुजबुज, तिच्या घरच्या जबाबदाऱ्या, हे सर्व त्या कथनाबाहेर राहिले. भटकणारा, विरक्त, अस्तित्वाचे प्रश्न विचारणारा ग्रामशिक्षक होण्याची मुभा पुरुषालाच होती.

खडू-फळा मोहिमेने दोन शिक्षकांपैकी एक शक्यतो स्त्री असावी, असे सुचविले होते. आज देशातील एकूण शिक्षकांत स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. तरीही दुर्गम वाडीवरील शिक्षिकेला राहण्यासाठी सुरक्षित जागा, शाळेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि वेळेवर मिळणारे वाहन या गोष्टी बहुधा तिच्या वैयक्तिक तडजोडीवर सोडलेल्या असतात. ‘शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. मुख्यालयी राहण्यासाठी घर कोठे आहे, हा प्रश्न तिच्याबरोबर विचारला जात नाही. ग्रामीण शिक्षिकांनी लिहिलेली आत्मकथने, रोजनिश्या आणि पत्रे यांचे संकलन व अभ्यास हे भारतीय भाषांतील एक मोठे अपुरे काम आहे.

७. आधार म्हणजे काय

ग्रामीण शिक्षकाच्या गरजांची यादी करताना इमारत, साहित्य, इंटरनेट, प्रशिक्षण अशी नावे येतात. ती आवश्यकच आहेत. तथापि वरील विवेचनातून पुढे येणारी गरज यांच्या मुळाशी आहे. शिक्षकाला आपल्या कामाविषयी बोलण्यासाठी समव्यवसायी माणसे हवी असतात.

या गरजेला सोपे वाटणारे उत्तर म्हणजे लहान शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत नेणे. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्यासाठी प्रस्ताव मागविण्यात आले, तेव्हा हा वाद तीव्र झाला. शिक्षकाला सहकारी मिळतो, विषयवार अध्यापन शक्य होते, हा या योजनेचा लाभ खराच आहे. पण प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, ही तरतूदही मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, अनुभवातून आलेली आहे. ओढ्यापलीकडची शाळा पावसाळ्यात बंद असल्यासारखीच असते. शिक्षकाचा एकटेपणा घालविण्यासाठी सहा वर्षांच्या मुलाने चालत जावे, हा न्याय नव्हे.

मुलांना हलविण्याऐवजी शिक्षकांना एकत्र आणणे हा दुसरा मार्ग आहे आणि तो नवा नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) परिसरातील शाळांचा समूह करून त्यांनी साधने व अनुभव वाटून घ्यावेत, अशी कल्पना मांडली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ‘शाळा संकुल’ या नावाने तिचा पुनरुच्चार केला आणि प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. प्रश्न आहे तो या तासांत काय घडते याचा. वरून आलेल्या सूचनांचे वाचन आणि माहितीच्या तक्त्यांची मागणी एवढ्यावर केंद्राची बैठक संपत असेल, तर ती कागदाच्या ओझ्यात भरच घालते.

याच्या उलट उदाहरण होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचे आहे. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांतून तो सुरू केला. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे नेला आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. या कार्यक्रमाची प्रयोगपुस्तके प्रसिद्ध झाली. पण त्याचे खरे बळ शिक्षकांच्या मासिक गोष्ठीत होते. वर्गात फसलेला प्रयोग तेथे इतरांसमोर मांडता येई आणि त्यावर पुढचा पाठ ठरे. तपासणीस नसलेला, तरीही विषय जाणणारा माणूस वर्गात येऊन बसे. अपयश सांगितल्याने शिक्षकाची नोंद खराब होत नसे. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या शिक्षणसाहित्य संस्थेने बहुवर्गीय शाळांसाठी विकसित केलेली कार्डांची पद्धती हेही असेच एक उदाहरण आहे. एका खोलीत अनेक इयत्तांची मुले असणे ही आपत्ती न मानता तिच्यातून अध्यापनाची वेगळी रचना तेथे तयार झाली. एकट्या शिक्षकाला ती एकट्याने शोधून काढावी लागली नाही.

या उदाहरणांतून आधाराची चार अंगे स्पष्ट होतात. कायद्याप्रमाणे दुसरा शिक्षक मिळणे ही पहिली. तोवर महिन्यातून एक तरी दिवस तपासणीविना, अध्यापनाच्या चर्चेसाठी मोकळा असणे ही दुसरी. मुलांच्या भाषेचा परिचय करून देणारे साहित्य आणि माणसे ही तिसरी. आणि समूहातील अनेक शाळांचे लेखनकाम पाहणारा स्वतंत्र लिपिक ही चौथी. यांपैकी कोणत्याही अंगासाठी शिक्षकाने असामान्य असण्याची गरज नाही. सामान्य शिक्षकाला चांगले काम करता यावे, हीच व्यवस्थेकडून अपेक्षा आहे.

८. समारोप

भारतीय कथनसाहित्याने ग्रामशिक्षकाला मोठी सहानुभूती दिली आणि त्याच्या दैन्याची जी नोंद केली, ती शासकीय अहवालांत सापडणार नाही. प्रेताची जबानी, कुत्र्याच्या पायाचे त्रैराशिक, चोरलेली शिदोरी आणि ओस पडलेली वाडी यांचे मोल म्हणूनच कायम आहे. परंतु या साहित्याच्या अध्यापनात शिक्षकाचा एकटेपणा हा त्याच्या थोरवीचा किंवा शोकांतिकेचा भाग म्हणून शिकविला जातो, तेव्हा नकळत त्या व्यवस्थेचे समर्थन घडते. एकाकी, त्यागी मास्तराची प्रतिमा जितकी आदरणीय होते, तितकी त्याला सोबत देण्याची निकड कमी वाटू लागते.

‘बनगरवाडी’ आणि ‘खसाक्किंटे इतिहासम्’ यांचे पुनर्वाचन करताना म्हणून एक साधा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्या शाळेत दुसरा शिक्षक असता, तर कथानकातील कोणते प्रसंग घडले नसते? जे प्रसंग तरीही घडले असते, ते मानवी नियतीचे मानता येतील. दुष्काळ आणि देवीची साथ त्यांत येतात. उरलेले प्रसंग नेमणुकीच्या आदेशातून जन्मलेले आहेत. ते आजही एक लाखाहून अधिक खोल्यांत घडत आहेत.